बोजा उतरल्यानंतरचं घर

कर्जाचा शेवटचा हप्ता खात्यातून गेला की बँक अभिनंदनाचा संदेश पाठवते. त्या दिवशी घरात गोडधोड जरूर करा, पण खरेदीखताची मूळ प्रत हातात येईपर्यंत घर मोकळं झालं असं समजू नका. ती हातात आल्यावरही एक प्रश्न उरतोच: हे घर उद्या कुणाच्या जामिनकीत, धंद्यातल्या देण्यात किंवा एखाद्या अपघाताच्या भरपाईत जाऊ शकतं का? घर कर्जमुक्त करायला आणि मग ते राखायला दिल्ली परिसरातल्या मराठी कुटुंबाला नेमका किती खर्च येतो, त्याचा हा हिशेब आहे. इथे अर्ध्या तासाच्या मेट्रो प्रवासात तीन सरकारं बदलतात आणि त्यांच्याबरोबर दरही बदलतात, म्हणून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

लवकर फेडायचं तर

५० लाखांचं कर्ज, २० वर्षं मुदत, ८.५ टक्के व्याज असं धरू. हप्ता येतो ४३,३९१ रुपये आणि वीस वर्षांत बँकेकडे जातात सुमारे १ कोटी ४ लाख. म्हणजे मुद्दलापेक्षा व्याजच जास्त, ५४ लाख. हाच हप्ता पहिल्या महिन्यापासून ४७,००० केला, तर कर्ज साधारण साडेसोळा वर्षांत फिटतं आणि व्याजाचे जवळपास ११ लाख वाचतात. महिन्याला वाढवलेले पैसे साडेतीन-पावणेचार हजारच आहेत.

बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्याची मुभा बँकांना २०१२पासून नाही. त्यामुळे बोनस आला, गावाकडची जमीन विकून वाटा मिळाला, तर तो कर्जात भरायला काही खर्च नाही. फक्त भरताना ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा’ असं लेखी कळवा. नाहीतर हप्ता कमी होतो, मुदत तशीच राहते आणि व्याज वाचायचं ते वाचत नाही. व्याजदर वाढल्यावर बँक गुपचूप मुदत लांबवते, हा अनुभव अनेकांना आहे. ऑगस्ट २०२३च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा हक्क कर्जदाराला दिला आहे. तो मागून घ्या.

‘कर्ज ठेवा, कर वाचतो’ हा जुना सल्ला आता तपासून पाहायला हवा. राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत राहत्या घराला ती नाही. नवी पद्धत घेतली असेल, तर कर्ज रेंगाळत ठेवण्याचं तेवढं कारण संपलं.

पण एक गोष्ट मनापासून सांगते. कर्ज लवकर फेडण्यासाठी पीपीएफ रिकामा करू नका. पीपीएफमधली रक्कम दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यात जप्त होत नाही, घर होतं. सुरक्षित पैसा काढून असुरक्षित जागी लावल्यासारखं ते होईल. सहा महिन्यांचा घरखर्चही बाजूला राहू द्या, कारण भिंतीत गेलेला पैसा आजारपणात चार दिवसांत बाहेर काढता येत नाही.

तीस दिवस आणि रोजचे पाच हजार

पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत बँकेने सगळी मूळ कागदपत्रं परत केली पाहिजेत आणि नोंदवलेला बोजाही उतरवला पाहिजे. १ डिसेंबर २०२३पासून हा नियम आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. कागद बँकेकडूनच हरवले असतील, तर नकला मिळवायला मदत करणं आणि त्याचा खर्च सोसणं हे बँकेचं काम आहे. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात.

हा नियम कामी यायचा तर फेड झाल्याची तारीख कागदावर हवी. शून्य थकबाकीचं पत्र त्याच दिवशी मागा. कर्ज घेताना बँकेला दिलेल्या कागदांची यादी शोधून ठेवा आणि परत घेताना पानागणिक जुळवा. माझ्या स्वतःच्या फाईलमध्ये आधीच्या मालकाचं खरेदीखत नव्हतं. घरी येऊन लक्षात आलं असतं, तर ते दिलंच होतं हे सिद्ध करणं माझ्यावर आलं असतं. काउंटरवर यादी हातात होती म्हणून तिथेच पोचपावतीवर तशी नोंद करून घेता आली. शोधाशोध बँकेने केली.

त्यानंतर दोन छोटी कामं. सेरसाय या केंद्रीय नोंदणीत घरावरचा बोजा दिसतो का ते ऑनलाइन पाहा. शोधाची फी १० रुपये आणि त्यावरचा कर एवढीच आहे. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, त्यात कर्ज ‘बंद’ दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर तक्रार नोंदवा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. गहाणखत रीतसर नोंदवलेलं असेल, तर त्याचं मुक्तीपत्रही निबंधक कार्यालयात नोंदवून घ्या.

नोएडा आणि ग्रेटर नोएडात यापलीकडची एक अडचण आहे. हप्ते फिटलेले, माणसं राहायला आलेली, पण रजिस्ट्री नाही, कारण बिल्डरने प्राधिकरणाचे जमिनीचे पैसे थकवलेले. रखडलेल्या घरांसाठी नेमलेल्या अमिताभ कांत समितीच्या शिफारशींनंतर डिसेंबर २०२३मध्ये उत्तर प्रदेश सरकारने यावर धोरण आणलं: बिल्डरने सवलतीनंतरच्या थकबाकीचे २५ टक्के ६० दिवसांत भरले की रजिस्ट्रीचा मार्ग खुला. आपली इमारत त्या यादीत आहे का, हे सोसायटीने प्राधिकरणाला लेखी विचारावं. अशा घरमालकांना आम्रपाली या बिल्डरच्या प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा मोठा आधार आहे. २३ जुलै २०१९ रोजी न्या. अरुण मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्या पीठाने ४२ हजारांहून अधिक ग्राहकांच्या अडकलेल्या घरांचं काम एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीकडे सोपवलं आणि बिल्डरची देणी प्राधिकरणाला किंवा बँकांना ग्राहकांच्या घरांतून वसूल करता येणार नाहीत, असं सांगितलं. सोलापूरचे लळित पुढे सरन्यायाधीश झाले.

बँक कर्ज देत नाही म्हणून ‘कर्जमुक्त’

दिल्लीतल्या बुराडी, संगम विहारसारख्या भागांत ‘कर्ज नको, रोख द्या, घर तुमचं’ म्हणून घरं विकली जातात. स्वस्त असतात, आणि कर्जाच्या कटकटीत न पडणाऱ्या आपल्या माणसांना ती आवडतात. पण तिथे कर्ज नसण्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं की मालकीचा कागदच नाही. हातात असतं ते मुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र, तिन्ही एकत्र शिवलेलं. सूरज लॅम्प खटल्यात ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अशा कागदांनी मालकी येत नाही. ती नोंदणीकृत खरेदीखतानेच येते.

असं घर आधीच घेतलेलं असेल, तर २०१९ची पीएम-उदय योजना पाहा. दिल्लीतल्या अनधिकृत वसाहतींतल्या रहिवाशांना तिच्यातून हक्काचा कागद मिळतो. सरकारी जमिनीवरच्या १०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला शुल्क सर्कल रेटच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराच्या, अर्धा टक्का आहे, खासगी जमिनीवर त्याच्या निम्मं. नव्याने घेत असाल, तर वकिलाकडून मागच्या तीस वर्षांची कागदांची साखळी तपासून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका. त्याची फी साधारण दहा-पंधरा हजारांपासून सुरू होते. एका घराच्या व्यवहारात यापेक्षा स्वस्त विमा मला माहीत नाही.

नाव कुणाचं?

आपल्याकडे जसा रेडी रेकनर, तसा इथे सर्कल रेट. तो आणि प्रत्यक्ष किंमत यांत जे जास्त असेल त्यावर मुद्रांक शुल्क लागतं. दिल्लीत मूळ दर पुरुषाच्या नावावर ६ टक्के, स्त्रीच्या ४, दोघांच्या ५, आणि वर १ टक्का नोंदणी. महापालिकेचं हस्तांतरण शुल्क वेळोवेळी बदलतं, म्हणून अंतिम आकडा व्यवहाराच्या आठवड्यात सरकारी कॅल्क्युलेटरवर पाहावा. पण पुरुष आणि स्त्री यांच्यातला २ टक्क्यांचा फरक मोठा आहे: ८० लाखांच्या घरावर १ लाख ६० हजार. गुरुग्राम-फरिदाबादच्या शहरी हद्दीत पुरुषाला ७, स्त्रीला ५ टक्के आणि नोंदणी फी फार तर ५०,००० रुपये. नोएडा-गाझियाबादला ७ टक्के आणि नोंदणी १ टक्का. स्त्रीला एक टक्का सूट आहे आणि जुलै २०२५च्या निर्णयानंतर ती एक कोटीपर्यंतच्या मालमत्तेला मिळते. ५० लाख किंवा त्याहून महाग घर असेल, तर विक्रेत्याच्या पैशांतून १ टक्का कर कापून सरकारजमा करणं खरेदीदाराचं काम आहे.

खरेदीनंतर नाव बदलायला किती खर्च येतो, हे मात्र फार थोडे लोक आधी विचारतात. महाराष्ट्रात राहतं घर बायको-मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करायला मुद्रांक २०० रुपये आणि स्थानिक संस्थेचा अधिभार लागतो. उत्तर प्रदेशात रक्ताच्या नात्यातल्या बक्षीसपत्राला मुद्रांक ५,००० रुपये आहे, पण नोएडाच्या भाडेपट्ट्यावरच्या घराला प्राधिकरणाची परवानगीही लागते. हरियाणात नवरा-बायको, आईवडील, मुलं, नातवंडं, भावंडं यांच्यातल्या हस्तांतरणाला मुद्रांक माफ आहे. दिल्लीत अशी सवलत नाही. एक कोटीचं घर बायकोच्या नावे बक्षीस करायचं, तर ४ टक्के आणि १ टक्का मिळून निदान पाच लाख मोजावे लागतात. म्हणून दिल्लीत घर घेताना नाव पहिल्याच दिवशी ठरवा, विशेषतः नवऱ्याचा स्वतःचा धंदा असेल आणि बायको नोकरीत असेल तर. स्वतःच्या उघड, करपात्र उत्पन्नातून बायकोच्या किंवा मुलांच्या नावे घर घेणं बेनामी कायद्यात बसत नाही. त्याला स्पष्ट अपवाद आहे. बायकोच्या किंवा अल्पवयीन मुलाच्या नावावरचं असं घर भाड्याने दिलं, तर भाडं मात्र पैसे घालणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवलं जाईल.

आणि हे नाव केवळ कागदापुरतं समजून दिलं, तर फसगत होईल. बायकोच्या नावावरचं घर बायकोचं असतं. केलेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. ज्या घरात हे मोकळेपणाने बोलता येतं, तिथेच हा मार्ग घ्यावा.

राहतं घर जप्त होऊ शकतं का?

होऊ शकतं. टेक्सास आणि फ्लोरिडात राहत्या घराला सर्वसाधारण धनकोंपासून भक्कम संरक्षण आहे, म्हणून तिकडचे नातेवाईक ‘राहतं घर कोण घेणार?’ असं बिनधास्त म्हणतात. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०मध्ये जप्तीतून वगळलेल्या गोष्टींची यादी आहे. तिच्यात शेतकरी, मजूर आणि घरकामगार यांचं राहतं घर आहे. विट्याजवळ शेती करणाऱ्या भावाचं घर त्यात बसतं. दिल्लीच्या द्वारकेत राहणाऱ्या, नोकरी किंवा धंदा करणाऱ्या भावाची सदनिका बसत नाही. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्याची दिवाळखोरी झाली, तर नादारी संहितेत एक राहतं घर वगळलं जातं, पण ते बोजाविरहित असावं लागतं आणि शहरात त्याची किंमत २० लाखांपर्यंतच असावी लागते. दिल्लीत त्या किमतीत काय मिळतं, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

म्हणून खरा धोका सहीत आहे. चुलतभावाच्या कर्जाला जामीन राहताना ‘नुसती सही आहे’ असं म्हटलं जातं. भारतीय करार कायदा, १८७२ यातल्या कलम १२८नुसार हमीदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागलंच पाहिजे असं नाही, ती थेट तुमच्याकडे येऊ शकते. मुदत कर्जाची हमी कर्ज फिटेपर्यंत सुटत नाही. धंद्याच्या कॅश क्रेडिटची चालू हमी असेल, आणि करारात तो हक्क सोडून दिलेला नसेल, तर पुढच्या उचलीपुरती ती लेखी सूचनेने मागे घेता येते. जुन्या हम्या आठवून त्यांची यादी करा आणि ही सूचना आजच द्या. खर्च फक्त टपालाचा.

चांदणी चौक आणि करोल बागेत सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातून आलेल्या गलाई व्यावसायिकांच्या पेढ्या आहेत. सोनं आटवून शुद्ध करण्याचा हा धंदा शब्दावर चालतो. दुसऱ्याचं लाखोंचं सोनं रात्रभर आपल्या दुकानात असतं. चोरी झाली, घट आली, एखादा मोठा व्यवहार बुडाला, तर एकमालकीच्या पेढीत धंद्याचं देणं आणि घर यांच्यामध्ये कायद्याची भिंत नसते. भागीदारी पेढीतही प्रत्येक भागीदार पूर्ण देण्याला बांधील असतो. एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, केली तर जबाबदारी भांडवलापुरती राहते. एक लाखापर्यंतच्या भांडवलाला तिची सरकारी नोंदणी फी ५०० रुपये आहे, सनदी लेखापालाची फी आणि दरवर्षीचे विवरण वेगळे. पण बँकेने कर्ज देताना भागीदाराची वैयक्तिक हमी घेतली, तर त्या कर्जापुरती ही भिंत तुम्हीच पाडलेली असते. अशा पेढीसाठी मी सोन्याचा विमा आधी आणि एलएलपी नंतर, असा क्रम सुचवेन.

देणं उभं राहिल्यावर घर नातेवाइकांच्या नावे करण्याची धावपळ करू नका. धनकोंना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३नुसार रद्द करता येतं. दिवाळखोरी झाली, तर त्याआधीच्या दोन वर्षांतली फुकट दिलेली मालमत्ताही प्रांतिक नादारी कायदा, १९२० यात तपासली जाते. मुद्रांकाचे पैसे जातात, घरही जातं आणि न्यायालयाचा तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरचा विश्वास जातो. संरक्षणाची व्यवस्था डोक्यावर देणं नसतानाच करायची असते.

स्वस्त कवच

अपघातात माणूस दगावला किंवा जखमी झाला, तर भरपाईला वरची मर्यादा नाही. विमा नसेल तर गाडीच्या मालकाला ती स्वतःच्या मालमत्तेतून द्यावी लागते. तिसऱ्या पक्षाच्या विम्याचा वार्षिक हप्ता २०२२मध्ये ठरलेल्या दराने १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये, अधिक जीएसटी. सोसायटीच्या आवारात उभी असलेली, कधीमधी मुलगा काढतो अशी जुनी स्कूटर याच कारणाने धोक्याची आहे. विमा संपलेला असतो आणि मुलाकडे परवाना नसतो. ती विकून टाका.

आयुर्विम्याबाबत १८७४चा एक कायदा अजून चोख काम करतो: विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. त्याच्या कलम ६खाली विवाहित पुरुषाने बायको-मुलांसाठी पॉलिसी घेतली, तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी होते आणि धनकोंना तिला हात लावता येत नाही. वेगळा खर्च शून्य. मात्र ही निवड प्रस्तावाच्या अर्जावरच करावी लागते. पॉलिसी निघाल्यावर ती जोडता येत नाही.

घराच्या विम्याचंही पाहा. कर्ज असताना बँकेच्या आग्रहाने काढलेला विमा कर्जाबरोबर संपतो, आणि पुढे कुणी आठवण करत नाही. दिल्ली भूकंपाचा धोका मोठा असलेल्या पट्ट्यात आहे. एप्रिल २०२१पासून सर्व कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी मिळते. आग, भूकंप, पूर तिच्यात येतात, आणि घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, असं संरक्षण आपोआप मिळतं. विमा जमिनीसकट बाजारभावाचा न काढता पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाचा काढा. तसा काढला तर मध्यम सदनिकेचा हप्ता वर्षाला काही हजारांतच बसतो.

दिल्ली महापालिकेच्या हद्दीत घरपट्टी ३० जूनपूर्वी एकरकमी भरली तर १० टक्के सूट आहे. स्त्री, ज्येष्ठ नागरिक किंवा माजी सैनिक मालक असेल, तर २०० चौरस मीटरपर्यंतच्या एका राहत्या घराला ३० टक्के सूट. गुरुग्राम-नोएडाच्या सोसायट्यांत देखभाल खर्च महिन्याला साडेसात हजारांच्या वर गेला की त्यावर १८ टक्के जीएसटी लागू शकतो. हप्ता संपला तरी हा खर्च चालूच राहणार, म्हणून निवृत्तीच्या हिशेबात तो धरा.

आईवडिलांचं घर

वडील गेल्यावर त्यांचं कर्ज मुलांवर येतं का, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो. वारशात जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच ते येतं. बापाचं कर्ज फेडण्याची पुत्राची धार्मिक जबाबदारी हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांपुरती संपवली आहे. मुलाने स्वतः हमीवर सही केली असेल, तर गोष्ट वेगळी. सोसायटीतलं नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे, पण दोन साक्षीदार आवश्यक आहेत. ते आईवडिलांपेक्षा तरुण असलेले बरे.

घर वाचवायचं म्हणून किंवा पुढची भांडणं टाळायची म्हणून काही आईवडील जिवंतपणीच ते मुलाच्या नावे करून टाकतात. करोल बागेत, पहाडगंजात उभं आयुष्य काढलेल्या, सरकारी नोकरीच्या पैशांतून घर उभारलेल्या माणसांनी हे करताना थोडं थांबावं. नाव बदललं की मुलाच्या देण्यांना ते घर उघडं पडतं, आणि उतारवयात राहण्याचा हक्क त्याच्या मर्जीवर जातो. तरीही द्यायचंच असेल, तर बक्षीसपत्रात एक वाक्य हवं: घेणारा आमचा सांभाळ करील आणि आम्ही हयात असेपर्यंत या घरात राहू. ही अट असेल आणि पाळली गेली नाही, तर ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ याच्या कलम २३खाली बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. २ जानेवारी २०२५ रोजी ऊर्मिला दीक्षित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाखाली एका आईला तिचं घर परत दिलं. मसुदा वकिलाकडून आला की हे वाक्य आईवडिलांनी स्वतः वाचून पाहावं, आणि ते नसेल तर सही करण्यापूर्वी घालून घ्यावं. त्यासाठी जादा मुद्रांक लागत नाही.